दोन रुपये किलो

बटाटेवडा खाण्याआधी त्याचं वजन करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डॉ. दिगंबर खवणेकर. त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराएवढा एक काटा असतो. सोनाराकडे असतो तसला, आकडे दाखवणारा. आमच्या प्रभादेवीच्या गल्लीच्या तोंडाशी वड्याची गाडी आहे. वडापाव हातात आला की डॉक्टर आधी वडा पावातून बाहेर काढतात, काट्यावर ठेवतात, आकडा वाचतात आणि खिन्न होतात.

"गेल्या दिवाळीपासून अकरा ग्रॅम उतरलाय," ते मला सांगतात. "किंमत तीच. म्हणून लोक खूश. अहो, महागाई पावात लपून बसलीय!"

"डॉक्टर," गाडीवाला म्हणतो, "वडा खाताय का मुलगी बघताय? गरम आहे तोवर खा."

डॉक्टर हे औषधवाले डॉक्टर नाहीत. एका मोठ्या बँकेच्या संशोधन विभागात त्यांनी जन्म काढला. पैसा, महागाई आणि व्याजदर हे त्यांचे विषय. आमच्या इमारतीत नव्या आलेल्या वॉचमनला हे ठाऊक नव्हतं. त्याने पाटी वाचून आपला दुखरा गुडघा पुढे केला. डॉक्टरांनी गुडघा नीट पाहिला आणि म्हणाले, "याचं मला काही कळत नाही. पण तुमचा पगार गेल्या वर्षी वाढला असं तुम्हाला वाटतं ना? तो कमी झालाय." वॉचमन गुडघा विसरला. अजून तो त्या धक्क्यातून सावरलेला नाही.

माझी त्यांची ओळख छपाईच्या निमित्ताने. मी गिरगावातल्या एका छापखान्यात वर्षानुवर्षं मुद्रितं तपासली. निवृत्त झालो तशी डॉक्टरांनी आपली हस्तलिखितं माझ्याकडे आणून टाकली. त्यांचा ग्रंथ बारा वर्षं चालू आहे. लोकांच्या डोक्यात किमती कशा बसतात, हा विषय. त्यांचा सिद्धांत असा, की प्रत्येक माणसाच्या डोक्यात एक साल असतं. त्या सालापाशी त्याचं दुकान बंद होतं. त्या सालच्या किमती त्याला योग्य वाटतात आणि त्यानंतरची सगळी लूट.

हे साल शोधायची त्यांची रीत सोपी आहे. ते विचारतात, "वड्याची योग्य किंमत किती?" लक्षात घ्या, आजची नाही, योग्य.

मी म्हटलं, "दीड रुपया."

"ऐंशीच्या दशकाचा शेवट," डॉक्टर म्हणाले. "पहिली कायमची नोकरी तेव्हाच लागली ना?"

लागली होती. मला उगाचच कोणीतरी खिसा तपासल्यासारखं वाटलं.

"आणि तुमचं साल कोणतं?" मी विचारलं.

"संशोधकाला साल नसतं," असं म्हणून त्यांनी वडा काट्यावर ठेवला.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र जास्त प्रसिद्ध आहे. "फरक कोण भरतंय?" कुठेही काहीही स्वस्त किंवा फुकट दिसलं, की डॉक्टर हा प्रश्न विचारणार. दादरला साड्यांच्या दुकानात पन्नास टक्के सूट लागली होती. माझी बायको नीला दोन साड्या निवडून बसली होती, तर डॉक्टर गल्ल्यावरच्या शेटजींना विचारत होते, "उरलेले पन्नास टक्के कोण भरतंय?" शेटजींनी त्यांना आयकर खात्याचे समजून चहा मागवला. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि नगरसेवकपदाचे इच्छुक रेडकर यांनी गणपतीत मुलांना फुकट वह्या वाटल्या. वहीच्या पुठ्ठ्यावर रेडकरांचा हसरा फोटो. डॉक्टरांनी भर मंडपात विचारलं, "फरक कोण भरतंय, रेडकर?" फोटो हसतच राहिला, रेडकर थांबले. पुढे पुढे गल्लीतली माणसं थट्टेने एकमेकांना हाच प्रश्न विचारू लागली.

कुठल्याही सवलतीचा, अनुदानाचा त्यांना मनापासून तिटकारा. "किंमत म्हणजे थर्मामीटर," ते म्हणत. "तो फ्रीजमध्ये ठेवला म्हणून ताप उतरत नाही." त्यांच्या ग्रंथाचं सातवं प्रकरण याच विषयावर होतं, आणि ते इतकं जहाल होतं, की मुद्रितं तपासताना मी रेशनकार्ड कपाटात आत सरकवून ठेवलं.

चुकीचा आकडा तर त्यांना जेवणातल्या खड्यासारखा लागतो. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना मानपत्र दिलं. त्यात 'चाळीस वर्षं शंभर टक्के निष्ठेने सेवा' असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी तिथेच उभं राहून सांगितलं, की सेवा छत्तीस वर्षं सात महिने झाली आहे. आणि शंभर टक्के हा आकडा कशाच्या आधारावर काढला आहे, ते कळावं. मानपत्र दुरुस्तीला गेलं ते परत आलं नाही.

अशा माणसाबरोबर एका घरात कोण राहणार? त्यांच्या थोरल्या बहिणीखेरीज कोणी राहिलं नाही. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. सगळी गल्ली तिला ताई म्हणते. वय पंच्याऐंशीच्या आसपास, कमरेला बटवा, बोलणं अस्सल मालवणी. लालबागला यांच्या आईची खानावळ होती. गिरणीतली एकटी राहणारी कोकणातली माणसं महिन्याच्या बोलीवर जेवायची. आई गेल्यावर ताईंनी खानावळ चालवली आणि तिच्यावर धाकट्या भावाला शिकवलं, पार पीएच.डी.पर्यंत.

"माझं पहिलं संशोधन त्या खानावळीतलं," डॉक्टरांनी एकदा मला सांगितलं. "सगळं महाग होत होतं आणि ताई पाच वर्षं महिन्याचा दर वाढवेना. मी म्हटलं, मग डाळ पातळ झाली असणार. मापलं. डाळ तेवढीच घट्ट. भाताची मूद तेवढीच. बांगड्याचा तुकडा तेवढाच. हिशोबच लागेना. फरक कोण भरतंय, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो तिथे."

"मग? सुटला का?"

"सुटला. फार उशिरा," ते म्हणाले आणि मला रेपो दर समजावून सांगू लागले. तो मला अजून समजलेला नाही.

ताई रोज सकाळी नऊला बाजारात जातात. एकट्या, हातात कापडी पिशवी घेऊन. अलीकडे त्या मला अधूनमधून "सावंतांचो झील ना रे तू?" असं विचारायच्या. मी सावंतांचा नाही, पण वयाचा मान म्हणून हो म्हणायचो. यापलीकडे माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. मुद्रितं तपासणाऱ्याला कागदावरच्या चुका दिसतात, एवढंच.

त्या सकाळी नीलाने मला टोमॅटो आणायला पाठवलं. कोपऱ्यावर सुनंदाची भाजीची पाटी असते. माझ्या पुढे ताई उभ्या होत्या.

"काय भाव गो?" ताईंनी विचारलं.

"दोन रुपये किलो, ताई."

"काल पावणेदोन होते."

"बरं, पावणेदोन द्या. तुमच्याशी कोण भांडणार?"

ताईंनी बटव्यातून दोन रुपयांची जुनी नोट काढली. सुनंदाने टोमॅटो तोलले, वर कोथिंबिरीची जुडी टाकली आणि चार आण्याचं नाणं परत दिलं. चार आण्याचं! मी ते नाणं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मलाही एक किलो दे," मी पुढे होऊन म्हटलं.

"ऐंशी रुपये, काका."

आता इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या सहवासाने माझंही थोडं नुकसान झालेलंच होतं. मी आवाज चढवला. "ऐंशी? आत्ता यांना दोन रुपयांनी दिलेस! एका पाटीवर दोन भाव? हा काय..."

सुनंदाने डोळे मोठे केले. मी थांबलो नाही. तिने पाटीआडून माझ्या पायावर चापट मारली. मी थांबलो.

ताई वळल्या. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला होता. "काय झाला? कसले ऐंशी? मी पैशे दिले मा गो?"

"दिले की, ताई! काकांना ऊन लागलंय. ते साडीचा भाव सांगतायत. तुम्ही जावा, उशीर होईल."

सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि मी सावलीत उभा होतो. पण ताईंना पटलं. "डोक्यार टोपी घाल रे, सावंता," असं मला सांगून त्या हळूहळू निघून गेल्या.

मग सुनंदाने मला फैलावर घेतलं. "एवढे शिकलेले तुम्ही, काका! डॉक्टरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

डॉक्टरांनी मला रेपो दर सांगितला होता. हे सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि झालं ते कबूल केलं. डॉक्टरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "ताई मागे गेलीय. खानावळीच्या दिवसांत. मला ओळखते, सुनंदाला ओळखते, पण किमती तेव्हाच्याच. दोन वर्षांपूर्वी एका नव्या कोळणीने तिला बांगड्याचा खरा भाव सांगितला. ताईला वाटलं, आपल्यालाच काहीतरी झालंय. भर बाजारात उभी राहिली, घराचा रस्ता आठवेना. चार दिवस बाहेर पडली नाही, धड जेवली नाही. वैद्यकीय डॉक्टर म्हणाले, बाजारात जातेय तोवर ती चालतेय, बोलतेय, भांडतेय. ते बंद पडलं की सगळं बंद."

त्यांनी कपाटातून एक डबा काढला. त्यात एक आणि दोन रुपयांच्या मळकट नोटा आणि मूठभर नाणी होती. चार आणे, आठ आणे, दहा पैसे.

"फुटपाथवरच्या जुन्या नाण्यांच्या माणसाकडून आणतो. चार आण्याचं नाणं पंधरा रुपयांना. दर्शनी किमतीच्या साठपट खर्च. जगातल्या कुठल्याही सरकारला हे परवडणार नाही." ते सांगता सांगता रंगात येऊ लागले. "सकाळी मी ताईला नोटा देतो. ती बाजारात खर्च करते. संध्याकाळी सुनंदा आणि कोळीण त्याच नोटा मला परत देतात, मी त्यांना खऱ्या भावाचा फरक देतो. दुसऱ्या दिवशी तीच चलनात. सगळ्या मिळून नोटा बारा. परवा एक फाटली, चिकटपट्टी लावली."

"म्हणजे तुम्ही घरात मध्यवर्ती बँकच काढलीय!"

"नागरिक एक. महागाईचा दर शून्य," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "साल विचारत होतात ना तुम्ही? सकाळी नऊ ते साडेदहा मी ताईच्या सालात असतो."

सातव्या प्रकरणाचा विषय मी काढला नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी सांभाळून राहायला हवं होतं. पण मी मंडळाच्या व्याख्यानमालेच्या समितीवर होतो, आणि 'महागाई: समज आणि गैरसमज' या विषयावर डॉक्टरांचं व्याख्यान आधीच ठरलेलं होतं. निमंत्रणपत्रिका द्यायला मी घरी गेलो, तेव्हा डॉक्टर आंघोळीला गेले होते. मी पत्रिका ताईंच्या हातात दिली. चूक इतकी साधी होती.

ताईंनी पत्रिकेवर भावाचं नाव तीनदा वाचलं. व्याख्यानाच्या दिवशी दुपारी तीनपासूनच त्या हिरवी नऊवारी नेसून तयार. डॉक्टरांनी विनवलं, मी विनवलं, नीलाने घरी सोबत बसायची तयारी दाखवली. "दिगूचा भाषण मी आयकूचा नाय तर कोणी?" असं विचारून त्यांनी पायात चपला घातल्या.

तेव्हा सहा वाजता सभागृहात अशी परिस्थिती होती: वक्ता महागाईवर बोलणार, आणि पहिल्या रांगेत मधोमध अशी श्रोती बसलेली, जिच्या कानावर आजची एकही किंमत पडता कामा नये.

आधी दीपप्रज्वलन झालं. समईची वात तीनदा विझली, पंखा बंद करायला माणूस सापडेना. मग शाल, श्रीफळ आणि रेडकरांचं प्रास्ताविक, ज्यात वक्त्यापेक्षा रेडकरांची ओळख जास्त झाली. मग डॉक्टर उभे राहिले. हातात वड्यांची वजनं, भाज्यांचे भाव, खोल्यांची भाडी, सगळ्याचे तक्ते होते. त्यांनी एकदा ताईंकडे पाहिलं आणि कागदांची घडी करून ते खिशात ठेवले.

"समजा एक वस्तू आहे," त्यांनी सुरुवात केली.

"कोणती?" मागून कोणीतरी विचारलं.

"वस्तू. तिची किंमत समजा क्ष."

पुढचा तासभर क्ष वाढत राहिला. कधी पैसा जास्त छापल्यामुळे, कधी व्याज कमी ठेवल्यामुळे, कधी लोकांना उगाच तो वाढेल असं वाटल्यामुळे. एकाही पदार्थाचं नाव आलं नाही, एकाही रुपयाचा उल्लेख झाला नाही. वड्याचं वजन करणारा माणूस वड्याशिवाय बोलत होता. श्रोत्यांपैकी निम्मे पेंगले, उरलेल्यांनी मोबाइल काढले. ताई मात्र ताठ बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मी पहिल्यांदा श्वास सोडला तो टाळ्या वाजल्या तेव्हा.

पण अध्यक्षीय समारोप मी विसरलोच होतो.

"डॉक्टरसाहेब विद्वान आहेत," रेडकर म्हणाले, "पण आम्ही साधी माणसं. आम्हाला क्ष कळत नाही, टोमॅटो कळतो! आणि आज बाजारात टोमॅटो ऐंशी रुपये किलो..."

ताई उठून उभ्या राहिल्या.

"तो मनीस कित्याक खोटा बोलता रे, दिगू?" त्यांचा आवाज खणखणीत होता. "आज सकाळीच मी घेतलंय. दोन रुपये किलो!"

सभागृह हसलं. आधी थोडे, मग सगळे. झोपलेलेही हसत उठले. ताईंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. त्यांचा हात बटव्याकडे गेला आणि चेहरा त्या दिवशीसारखा लहान होऊ लागला. "दिगू?" त्या म्हणाल्या. या वेळी हळू.

डॉक्टर रेडकरांपाशी गेले आणि त्यांच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला.

"अध्यक्षांची माहिती चुकीची आहे," ते म्हणाले. "मी या विषयावर पन्नास वर्षं काम करतोय, म्हणून जबाबदारीने सांगतो. ताई म्हणते तोच भाव बरोबर आहे. टोमॅटो दोन रुपये किलो."

हसणं हळूहळू विरलं. मागच्या दाराशी उभ्या असलेल्या सुनंदाने मोठ्याने "बरोबर!" म्हटलं. तेवढ्यात कोणीतरी टवाळाने ओरडून विचारलं, "मग डॉक्टर, फरक कोण भरतंय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"घरातलं कोणीतरी भरतं," ते म्हणाले. "आणि सांगत नाही."

ताई समाधानाने खाली बसल्या. रेडकरांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती कुठल्याही उमेदवाराला परवडण्यासारखी नव्हती.

आम्ही तिघं चालत परत निघालो. ताई दोन पावलं पुढे होत्या. डॉक्टर मला म्हणाले, "सातवं प्रकरण परत द्या. एक तळटीप घालायचीय."

"खानावळीचं कोडं?" मी अंदाजाने विचारलं.

"हो. ताई पाच वर्षं एकच वेळ जेवत होती. मी विचारायचो, तर म्हणायची, माजा जेवान झाला. मी डाळ मापली, भात मापला. तिचं ताट मापायचं राहिलं. खानावळ बंद होऊन कितीतरी वर्षांनी, तिथे भांडी घासणाऱ्या बाईने मला हे सांगितलं."

वड्याच्या गाडीपाशी ताई थांबल्या. बटव्यातून आठ आण्याचं नाणं काढून त्यांनी भावाच्या हातावर ठेवलं. "भाषण बरा झाला. वडो खा. उरलेले पैशे परत घेवन ये हां."

"हो, ताई."

गाडीवाल्याने नाणं पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि वडापाव दिला. डॉक्टरांनी खिशातून चार आणे काढून ताईंना परत केले. त्यांनी ते निरखून बघितले आणि बटव्यात टाकले. खिशातला काटा खिशातच राहिला.

शेजारच्या बाकावर दोघं बसली. दुपारपासून नऊवारी नेसून बसलेल्या ताईंनी काहीही खाल्लेलं नव्हतं, हे मला नीलाने सांगितलं होतं. डॉक्टरांनी वडापाव त्यांच्यापुढे धरला. ताईंनी तो हाताने मागे सारला.

"तू खा. माजा जेवान झाला."

डॉक्टर हललेच नाहीत. वडापाव तसाच पुढे धरून बसले.

"ताई," ते म्हणाले, "आज तू आधी."

आणि ताईंनी पहिला घास खाईपर्यंत त्यांनी तो हात मागे घेतला नाही.